घाणा

कुटाइसीच्या बाजारामागे, पुलाच्या अलीकडे
माझी भट्टी. मातीची, आडासारखी खोल.
पाव आतल्या भिंतीला थापायचा तर
कमरेतून वाकून अर्धं अंग आत सोडावं लागतं,
तापलेली कड मांड्यांशी, एक पाय हवेत.
वडील असेच वाकायचे. लहानपणी मी त्यांना
पाठमोरेच जास्त ओळखायचो.

सिउरी पाच वर्षं हिंडली.
त्स्खालतुबोच्या कोमट झऱ्यांत बसली,
मठातल्या विहिरीचं पाणी प्याली,
आत्यानं पाठवलेला कडू काढा, नाक धरून.
दर रिपोर्टवर: सर्व ठीक.
सर्व ठीक असलेली बाई
पाच वर्षं तपासली जात होती
आणि मी बाहेर बाकावर सिगारेट ओढत होतो,
काळजीनं.

शेवटी तिनंच डबी आणली.
पांढरं झाकण, वर माझं नाव: नुगझार.
मिठाशेजारी ठेवली. बोलली नाही काही.
चार दिवस आम्ही डबीला वळसा घालून मीठ घेतलं.

प्रयोगशाळेतल्या एतेरीबाई
रोज माझ्याकडून दोन पाव नेतात,
त्यातला एक करपट, मागून.
त्या दिवशी त्या वाकल्या काचेवर, मोजलं.
मोजण्यासारखं फारसं नव्हतंच.
दुसऱ्या सकाळी रांगेत त्यांचा नंबर आला
आणि मी करपट पाव शोधत राहिलो,
नको इतका वेळ.
"नुगझार, भट्टीपासून जरा लांब उभा राहत जा."
रांगेला वाटलं, चटका बसेल म्हणून.

डॉक्टर पोरसवदा. कागदावर चित्र काढलं:
डावीकडे फुगलेल्या शिरा, द्राक्षवेलीच्या मुळ्यांसारख्या.
"ते शरीराबाहेर का ठेवलंय? गारवा लागतो म्हणून.
आणि तुम्ही दिवसभर विस्तवाला टेकून."
मी म्हटलं, "ह्याच भट्टीवर वडिलांना चार मुलं झाली."
"झाली असतील. दिवसाला दोन पाकिटं ओढायचे का ते?"
ओढायचे.
एवढं एकच उत्तर माझ्या बाजूचं होतं,
तेही दिलं नाही.

चुलतभावाच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला
तमादानं प्याला उचलला, लेकरांसाठी,
"आणि ज्या सुनेची कूस देवानं अजून उघडली नाही, तिच्यासाठी."
सगळं टेबल सिउरीकडे वळलं.
मी उभा राहिलो. "ती नाही. मी."
कुणीतरी हसलं, म्हणालं, थांब रे, तुझी पाळी नंतर.
आई कापलेलंच चीज पुन्हा कापू लागली.
सिउरीनं माझा प्याला काढून घेतला
आणि एका दमात संपवला.

मार्चमध्ये शिरा बांधून घेतल्या.
आता भट्टीवर ती, गल्ल्यावर मी.
लोक विचारतात, पाठ धरली का रे?
एकदा हो म्हणालो. नंतर नाही म्हणालो.
तिच्या हातांवरची लव जळून गेलीय,
रात्री तिच्या केसांना धुराचा वास,
वडिलांच्या कोटाला यायचा तोच.

पाव सहा मिनिटांत निघतो.
हा घाणा अडीच महिन्यांचा,
मध्येच झाकण उचलून बघता येत नाही.
डॉक्टर म्हणाले, बघू. फक्त बघू.

मिठाशेजारी पुन्हा एक डबी आहे.
ही मी आणली.
नाव लिहायचं राहिलंय.