दांडा

दोन हजार नऊ. मनामा.
घड्याळांच्या दुकानावर आमचं ऑफिस: तीन टेबलं,
एक एसी, दमेकऱ्यासारखा.
गोदीच्या कंपनीला हवा होता असा पडदा
ज्यावर जहाजं सरकतील, कंटेनर उघडतील,
पान मात्र जागचं हलणार नाही.
असल्या अ‍ॅप्लिकेशनला तेव्हा श्रीमंत म्हणत.
मी दोनशे ऐंशी दिनार पगारात
श्रीमंती कशानं बांधावी, याचा तक्ता आखत होते.

डावीकडे फ्लेक्स, मध्ये सिल्व्हरलाइट,
कडेला साधी जावास्क्रिप्ट,
लग्नात मागच्या पंगतीला बसवलेली.
रकाने: परवान्याची किंमत. शिकायला किती दिवस.
चूक हाताला लागते, की नुसती शिंकून पळते.
शिजू फ्लेक्सचा. "चेची, आलेख कसा फुलतो बघ!"
रामी, बैरूतचा, सिल्व्हरलाइटवर फिदा:
त्याचा एडिटर अर्धा शब्द टाइप केला
की उरलेला स्वतःच सांगायचा,
माझ्या थोरल्या जावेसारखा.

मी गुण देत गेले. सात. सहा. साडेसात.
त्यातला अर्धा कशाचा, आज सांगता येणार नाही.

मग गोदीचे साहेब आले. म्हणाले,
माझं नाव लिहून दाखव. अरबीत.
फ्लेक्सनं लिहिलं, पण डावीकडून;
अक्षरं सुटी सुटी, एकमेकांचा हात सोडून,
शिक्षा झालेल्या पोरांसारखी भिंतीशी उभी.
साहेबांनी उजवीकडून वाचलं:
मीम, सीन, अलिफ, जीम.
जासिमचा मसाज झाला होता.
शिजू पेन शोधायला टेबलाखाली गेला,
बराच वेळ सापडलं नाही त्याला.
सिल्व्हरलाइटकडे वळलो, तिथंही तीच गत.
मागच्या पंगतीतल्या साध्या पानानं तेवढं
जासिमला जासिम म्हटलं.

शुक्रवारी मुहर्रकला, मासळी घ्यायला गेलो की
यांची उस्मानचाचांशी गाठ ठरलेली.
तांडेल, दाभोळचे. लाकडी गलबतं दुरुस्त करतात.
मी सहज विचारलं, तासणी कुठली चांगली?
त्यांनी माझ्याकडे असं पाह्यलं
जणू विचारलंय, कुठला हात चांगला.
"पातं जपानी. दांडा मी केलेला. ह्यो सातवा.
पातं झिजाचं, दांडा मोडाचा.
आपल्याला नवा घालता आला पायजे, पोरी,
न्हायतर तासणी दुकानदाराची."
आणि यांना म्हणाले, सुरमई नको, आज शिळी आहे.

शनिवारी रात्री तक्त्यात एक रकाना वाढवला.
वर लिहिलं: दांडा.
कुणाला किती, ते ठरेना. रिकामाच ठेवला.
रविवारी मॅनेजरनं तो पुसला, बेरीज केली,
आणि साडेसात जिंकला.

अरबीचं काय? तर मी
नावांची चित्रं केली. तीनशे बारा.
खलाशी, कारकून, आडते, एकेक नाव
साध्या पानावर नीट लिहून, कापून,
श्रीमंत पडद्यावर चिकटवलं.
रामी म्हणाला, ही फसवणूक आहे.
खरंच होती. चालली अकरा वर्षं.

मी रिफाला राहत होते, ऑफिस केव्हाच बंद,
शिजू कॅनडात, चाचा दाभोळच्या मातीत.
एका जानेवारीत जासिमसाहेबांच्या मुलाचा फोन:
पडद्यावर नुसता राखाडी चौकोन दिसतो,
दाबलं तर काही होत नाही.
मी म्हटलं, आता नाही होणार.
तो म्हणाला, मग आमचे लोक?

जुनी डिस्क शोधली, धूळ पुसून जोडली.
कोडच्या फायली होत्या, उघडायला काही नव्हतं.
एक फोल्डर तेवढं उघडलं:
तीनशे बारा चित्रं, अंगठ्याएवढी.
एकोणीस नंबरला जासिम,
उजवीकडून, अक्षराला अक्षर धरून.
यांनी स्वयंपाकघरातून विचारलं, काय झालं?
काही नाही, म्हटलं,
आणि पहिल्यापासून नावं वाचायला लागले.