पाचवी प्रत

एर्मिंदाबाई टाइपरायटरमध्ये एका वेळी पाच कागद घालते,
मधे चार कार्बन.
अचाओच्या शाळेत तीस वर्षं खडू धरलेला हात,
बटणं अशी बडवते की शेजारच्या कोंबड्या खुराड्यात फिरू लागतात.
पहिली प्रत काळीभोर. दुसरी बरी.
तिसरीला सर्दी झालेली.
चौथी वाचायची तर खिडकीत जावं लागतं.
आणि पाचवी म्हणजे
कुणी कागदाच्या कानात सांगितलेली गोष्ट.

दर गुरुवारी पाचही माझ्या लाँचवर चढतात,
पिठाच्या पोत्यांवर, रॉकेलपासून लांब.
जवळच्या बेटाला पहिली, लांबच्याला पाचवी.
हा हिशेब कुणी बसून ठरवला नव्हता,
पडत गेला तसा.
आपियाओ सगळ्यात लांब.

मी आधी वाचतो. कुठे बोलू नका.
काग्वाचच्या अलीकडे इंजिन बंद करतो,
पाणी लाँचच्या पोटाला थापट्या मारत राहतं
आणि मी ओठ हलवत वाचतो, शाळेत चौथीपर्यंतच गेलो म्हणून.
धक्क्यावर विचारतात,
"रोसामेल, आन्सेल्मोचं लग्न झालं का रे?"
मला काय ठाऊक, म्हणतो. मी पीठ आणतो.

आठवड्याने प्रती परत येतात, समासात भांडणं घेऊन.
केनाकचा नोल्बेर्तो स्वतःही लिहितो,
म्हणून तो स्वल्पविराम सुधारतो.
अलाओच्या दोघी बहिणी एकाच ओळीखाली
एक "छान", एक "खोटं".
सतराव्या प्रकरणात तर बटाट्याचं साल निघालं.
बाई वाचतात, कपाळाला हात लावतात,
आणि स्वल्पविराम गुपचूप मान्य करतात.

पाचवीवर अभिप्राय नसतो कधी.
आपियाओची एदुविना नुसती गिरवते,
फिकट अक्षरावर पेन्सिलीचं अक्षर,
पहिल्या शब्दापासून "क्रमशः"पर्यंत,
रात्री चुलीशी बसून.
दिसत नाही म्हणून, एवढंच म्हणाली होती.

तेविसाव्या हप्त्यात आन्सेल्मोची होडी गेली.
पाच बेटांवर जेवणं थंड झाली.
"त्याला पोहता येत होतं, बाई, नववं प्रकरण बघा."
"अंड्यांचे पैसे बंद." हे अलाओहून, दोघी बहिणींचं, पहिल्यांदाच एकमताने.
बाई हसत हसत एकेक बाजूला ठेवत होत्या,
मग पाचवी हातात घेतली
आणि हसणं तसंच राहिलं तोंडावर, विसरल्यासारखं.
सगळं गिरवलेलं होतं.
वादळ, वल्हं, दोर, पाण्यावरची टोपी.
फक्त "बुडाला" तेवढा फिकट,
कार्बनने सोडला होता तसा.

मी सांगितलं नव्हतं त्यांना
की एदुविनाचा मुलगा दक्षिणेकडच्या बोटीवर गेलाय,
चार हिवाळे झाले, काही कळलेलं नाही.
विचारलं नव्हतं त्यांनी.
मी पीठ आणतो.

पुढच्या गुरुवारी हप्ता नव्हता.
सांग, मशीन बिघडलंय, म्हणाल्या.
पाचही धक्क्यांवर मी तेच खोटं बोललो,
केनाकला नोल्बेर्तो दुरुस्तीची हत्यारं घेऊनच उभा होता.

त्याच्या पुढच्याला पाकीट आलं.
समुद्रात इंजिन बंद केलं, वाचलं.
आन्सेल्मो परत येत नाही.
तो बुडाला असंही कुठे नाही.
पूर्ण प्रकरणभर एक बाई बटाटे सोलते,
दोघांचे सोलते,
आणि पातेलं लहान पडतं.
एवढंच. काही घडत नाही.
मला तरी इंजिन लवकर सुरू करता आलं नाही.

पाकिटावर बाईंच्या हाताने: पहिली प्रत आपियाओला.

एदुविनाने कागद उजेडाकडे धरला, सवयीने.
गरज नव्हती. अक्षरं पावट्याएवढी काळी.
धक्क्यावरच उभी राहून वाचलं तिने, शेवटपर्यंत,
मी तोवर तीन पोती उतरवली, एक उगाच परत चढवलं.
मग पानाची मागची कोरी बाजू बघितली, बराच वेळ.
जरा नाराजच दिसली.
"यात गिरवायला काही ठेवलंच नाही बाईंनी," म्हणाली.
"आता पेन्सिलीचं काय करू?"