निम्मं

यंत्र माझं.
तपकीर गल्लीतली तांब्याची तार,
जुन्या बाजारातल्या एका रेडिओचं पोट,
आणि दांडा कुबडीचा;
तिच्यावर कोण चाललं होतं ते मी विचारलं नाही.

जमीन भामाक्का झेंड्यांची,
दिवे घाट चढून गेल्यावर डाव्या हाताला.
अंजिराची तीसेक झाडं, पुढे एक पडीक तुकडा.
आठवडाभर मी रविवार पेठेत घड्याळं उघडतो,
रविवारी दुकान बंद.

करार तिनं सांगितला, मी लिहिला
अंजिराच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर.
चिकाच्या डागांवर बॉलपेन चालेना, म्हणून उलट्या बाजूला.
"खिळा, नाल, फाळ माझं. लोखंड शेताचं असतंय.
नाणं गावलं तर निम्मं."
एकच गावलं तर निम्मं कसं करायचं, आक्का?
"ते तू बघ. घड्याळवाला हायस न्हवं?"

मी कायदा सांगितला, अठराशे अठ्ठ्याहत्तरचा:
दहा रुपयांच्या वरचं काही निघालं
तर कलेक्टरला कळवायचं.
"दहा रुपयात आता च्या बी येत न्हाय," ती म्हणाली,
"आन् कलेक्टर येनार का खड्डा बुजवाया?"
त्यावरनंच तिला चौथं कलम सुचलं:
ज्यानं उकरला त्यानं बुजवायचा,
वरची माती वर, खालची खाली,
अंजिराच्या मुळीला धक्का नाही.
मी सही केली. मग तिनं, सावकाश;
झेंडेमधल्या झ चं शेपूट पुठ्ठ्याबाहेर गेलं.

दुपारपर्यंत बाटल्यांची अकरा बुचं,
बैलाच्या गळ्यातली घंटी, लोलक नसलेली,
आणि एक शिवराई,
इतकी झिजलेली की अक्षर अंगठ्याला लागतं,
डोळ्याला दिसत नाही.
ती पदरानं पुसायला निघाली. मी ओरडलो.
अर्जात किंमत काय लिहायची याचा विचार करत
नाणं रुमालात बांधलं.

मग बांधापासून चार पावलं आत,
तिच्याच बाजूला,
यंत्र बोललं. आखूड, टोचल्यासारखं.
पडलेली वस्तू असं बोलत नाही.
ही उभी होती.

हातभर खाली लोखंडी गज.
बुडाशी कोळसा, खापराचे तुकडे, कोणीतरी मुद्दाम घातलेले.
मी उपसायला हात घातला.
"ऱ्हाऊ दे."

ती खड्ड्याच्या काठावर बसली.
"मोजणीदारानं ठोकलेला. त्र्याऐंशी साल.
दीर हितंच हुबा व्हता, टोपी हातात घिऊन.
फुडल्या पावसाळ्यात खूण वाहून गेली म्हनले आमचे मालक."

खूण कुठेच गेली नव्हती.
बांध गेला होता, चार पावलं, पलीकडे.

पलीकडे दिराचा नातू ठिबकच्या नळ्या जोडत होता.
मान वर न करताच म्हणाला,
"काय गावलं का, आज्जे?"
तिनं बुचांची पिशवी हलवून दाखवली.
त्यानं बघितलंच नाही.

मी पुठ्ठा पुन्हा वाचला.
लोखंड शेताचं असतंय.
कुठल्या शेताचं, ते लिहायचं राहिलं होतं.
भंगारात त्या गजाचे तीस रुपये येतील,
म्हणजे दहाच्या वर.

"चौथं कलम काय हाय रं?"
खड्डा बुजवायचा.
"मंग बुजव की."

खालची माती खाली, वरची वर.
पाय दाबून मी ढेकळं बसवली,
आणि तिनं त्यावर वाळका पाला ओढला, हातानं,
शेणानं सारवावं तसा, कडेपर्यंत.

घाट उतरताना मांडीवर अंजिराचं खोकं,
खिशात शिवराई, तिचं निम्मं आणि माझं.
त्या गजाचं मात्र काही ठरलं नव्हतं.

मंगळवारी दुकानात फोन आला.
मी एका केसागत बारीक स्प्रिंगला चिमट्यात धरून होतो.
"जागा ध्यानात हाय न्हवं तुझ्या?"
आहे, म्हटलं.
"बरं," म्हणाली,
आणि फोन ठेवला नाही.