प्रश्न क्रमांक सतरा

काल रात्री काय जेवलात?
योग्य पर्यायापुढे खूण करा.

चौथीचा वर्ग, एकवीस मुलं.
खिडकीबाहेर हुआंकावेलिकाचे डोंगर,
धुराची एक रेघ: कुणीतरी वावरातच
ढेकळांची भट्टी रचून बटाटे भाजतंय.

येर्सननं खूण केली: भात. डब्यातला मासा.
नखांत काळी माती,
स्वेटरला राखेचा वास.
मी गप्प. उत्तरावर आपली सावली पडू द्यायची नाही,
लिमातल्या सरांनी बजावलंय.

संध्याकाळी त्याच्या मावशीनं, फोर्तुनातानं,
हातात ठेवला एक बटाटा, नुसत्या गाठीच गाठी.
नाव त्याचं सुनेला रडवणारा.
"सोल बघू, नोएमी बाई."
शेतीशास्त्राची पदवी, प्रबंधाची तीन प्रकरणं,
आणि निम्मा बटाटा सालीबरोबर गेला.
ती हसली, दात नसलेलं, मनापासून.

"किती जाती आहेत तुमच्याकडे?"
रकाना रिकामा ठेवून विचारलं.
तिनं मोजल्या नाहीत. हाका मारल्या,
दिवेलागणीला पोरांना माराव्यात तशा:
गाईची जीभ! पुमाचा पंजा!
ए लांडी, ए राखट, कुठं गं तू?
"आणि बाजारात?"
"बाजारात सगळ्यांना एकच नाव, रंगीत.
भाव निम्मा.
काट्यावर आधी व्यापाऱ्याचा अंगठा बसतो, मग बटाटा."

रात्री बेरजा केल्या.
तक्ता म्हणतो, गावाचा आहार सुधारला.

डोंगरापल्याडच्या शाळेत, तिसऱ्या बाकावर,
मलाही एका पाहुण्या बाईंनी असाच कागद दिला होता.
मी खूण केली होती: पाव, लोणी.
लोणी पाहिलं ते त्यानंतर चार वर्षांनी.
बाईंनी पाठ थोपटली.
कुठल्यातरी अहवालात ती आठ वर्षांची मुलगी
अजून पाव-लोणी जेवतेय.

सकाळी येर्सनच्या बाकावर जाऊन बसले.
कागद नाही, पेन नाही.
खिशातून काढला तो अर्धामुर्धा, उकडलेला.
"मीठ आहे का रे?"

त्यानं आधी दाराकडे पाहिलं.
मग दप्तरातून, वह्यांच्या मागून,
फडक्यात गुंडाळलेले चार काढले, अजून कोमट.
"हा जांभळा तुम्ही घ्या," म्हणाला,
"तुमच्यात मिळत नाही."