परिशिष्ट सात

बेलापूरच्या चौथ्या मजल्यावर
मी भांडते एका नावासाठी.
अर्जदार: बँक. प्रतिवादी: बेपत्ता.
नाव आमचंच,
फक्त 'ओ'च्या जागी शून्य.

परिशिष्ट सात: टिपणीस, नौपाडा, ठाणे.
चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासणारे,
ऱ्हस्व-दीर्घ नुसत्या वासावर ओळखायचे.
पेन्शनीतले चार लाख
त्या शून्यातून गेले.

निकाल लागला. खोटं नाव आमच्या मालकीचं झालं.
उघडलं तर पांढरं पान,
आणि दरवर्षी नूतनीकरणाचे आठशे रुपये,
ते मात्र बँक वेळेवर भरते.

कळवायला फोन केला.
म्हणाले, "पैशांचं असू द्या.
ते शून्य जरा मोठं छापून पाठवाल?
बघतो,
सुटलं कसं."