दुय्यम प्रत

डिकीत तीन उन्हाळे काढलेली पावती
आता नुसता कागद आहे.
गुळगुळीत, एका कडेला फाडल्याचे दाते.
खिडकीपलीकडच्या भाविनभाईंनी ती ट्यूबलाइटकडे धरली,
उलटी केली, सुलटी केली,
डॉक्टर एक्स-रे ठेवतात तशी खाली ठेवली.
"आमां तो कंई नथी, बेन."

आहे.
पाचशे रुपये आहेत तिच्यात.
काळ्या घोड्याजवळच्या चौकीत रोख दिलेले,
शंभराच्या चार, पन्नासच्या दोन.

स्कूटर विकायची म्हणून आले, नाहीतर कशाला आले असते.
घेणारा मुलगा गोत्रीचा, भला वाटला,
पण फोन माझ्या चष्म्याला टेकवून म्हणाला,
"मावशी, तुमच्या नंबरावर मेमो बाकी आहे."
बाकी. लाल अक्षरांत.
एकतीस वर्षं सहकारी पेढीत खतावणी लिहिली मी.
रोख पावले, खाली सही, खाली तारीख.
हजारो लोकांना लिहून दिलं की त्यांचं पावलं.

अर्ज करा म्हणाले. केला.
गुजराती बोलते मी बडोद्याच्या पाण्यासारखी,
लिहिताना मात्र हात दांडिया बाजारातल्या शाळेत जातो
आणि अक्षरांच्या डोक्यावर रेघ ओढतो.
गुन्ह्याच्या रकान्यात लिहिलं:
थांबायच्या रेघेपुढे चाक.
भाविनभाई हसले. कशाला, ते मी विचारलं नाही.

मग त्यांनी नंबर टाकला, आणि पडद्यावर
पैशांच्या आधी फोटो आला.

पुढचं चाक रेघेच्या वीतभर पुढे.
मी सिग्नलकडे पाहतेय, शहाण्यासारखी.
मागे सुलू वन्सं,
मांडीवर चक्क्याचं पातेलं, पदर दातांत,
आणि थेट कॅमेऱ्यात बघून हसतायत.
मीच काहीतरी बोलले असणार.
काय बोलले, ते कॅमेऱ्यानं घेतलेलं नाही.

त्याच वर्षी दिवाळीआधी
त्यांचे वीस हजार मी त्यांच्या घरी नेऊन दिले.
हात कणकेचे होते. म्हणाल्या, ठेव फ्रिजवर.
ठेवले.
संक्रांतीला म्हणाल्या, कधी दिलेस गं?
मी म्हणाले, लिहून घ्यायला हवं होतं तुमच्याकडून.
वीस हजारांचं काय झालं कुणास ठाऊक,
ते वाक्य मात्र त्यांनी जपून ठेवलंय,
एक अक्षर पुसट झालेलं नाही.

"मळी गया!" भाविनभाई खुर्चीतून अर्धे उठले.
पैसे पोचले होते. फक्त शेवटचा आकडा,
सहाच्या जागी आठ.
म्हणजे तीन वर्षं या गावात कुणीतरी
माझ्या पाचशे रुपयांनी निर्दोष फिरतोय.
मांडवीखालून जात असेल, शेव-उसळ खात असेल,
सिग्नलला माझ्या शेजारीही थांबला असेल.
पैसे पावतात. कुणाला पावतात
ते देवाचं आणि कारकुनाचं.
मी फ्रिजचा विचार करत होते.
त्या घरात तेव्हा रंगारी होते, पाहुणे होते,
वन्संचा धाकटा होता.

गोल शिक्का, तिरका शिक्का: डुप्लिकेट.
आमच्याकडे डुप्लिकेट म्हणजे खोटं.
इथे खरं म्हणून सही करून देतात.

"तो फोटोही छापून द्याल?"
"ए तो गुनानो फोटो छे, बेन."
"माझाच आहे ना."
इकडेतिकडे पाहून त्यांनी बटण दाबलं.
काळापांढरा आला. वन्संचे दात तेवढे उजळ.

नकलेची फी दहा रुपये.
त्याचीही पावती मिळाली,
यंत्रातून निघालेली, गरम, तसल्याच कागदाची.
"तडकामां ना राखता," ते म्हणाले.

बाहेर जेल रोडवर मे महिना होता.
झेरॉक्सवाल्याला मी तिन्ही कागद दिले.
शेटाची प्रत निघाली, दहा रुपयांची निघाली,
मग तो फोटो हातात धरून थांबला.
"आनी केटली?"
मी दोन बोटं दाखवली.