पांढरीची मोजणी

घोडच्या काठी, शिरूरच्या अलीकडे.
टेपचं दुसरं टोक शाळेतल्या शिपायाकडे, चिमाजीकडे.
वहीत मी: पांढर, उत्तर-दक्षिण एकशे बारा मीटर,
उंची... निम्मी ट्रॉलीतून गेली.
ही माती उसाला मानवते, म्हणतात.

कापलेल्या कडेला खापरं,
राखेचा बोटभर पट्टा.
चिमाजीनं उगाच हात लावून पाहिला. गार.

वीरगळ एक: बांधात, कमरेपर्यंत गाडलेला.
वीरगळ दोन: शेंदूर इतका, की गाई कुठल्या
नि चोर कोण, चाचपून लिहावं लागलं.
तिसरा सापडेना.
जुन्या यादीत आहे: ओढ्यालगत, उभा.

ओढ्यावर सोजरबाई गोधडी आपटत होती.
"उभा कुठला? माझ्या सासूच्या आधीपासनं आडवाच."
गोधडी सारून म्हणाली, "लावा हात."

पहार घालून वीतभर उचलला.
चिखलात गाल टेकून मी बॅटरी मारली:
चंद्र, सूर्य, मुडपलेला घोडा,
आणि मधल्या चौकटीत पडलेल्या माणसाला
दोघीजणी दंडाला धरून वर नेताना.
नाकडोळे कोरे. आत्ताच टाकी ठेवल्यासारखे.

"उभा करायचा का?" चिमाजी.
मी बाईकडे पाहिलं. ती पीळ देत होती.
"कोण हाय खाली?"
सांगितलं.
"दोघी?"
"दोघी."

पहार हळू काढली.
"आता बेतानं आपटीन," ती म्हणाली.

रकान्यात लिहिलं,
स्थिती: पालथा. वापरात.